सुई अडकली ती जागा

सुंदरीच्या हळदीला दोन दिवस उरले असताना तिचा चुलतभाऊ, विलायतेचा जयवंता, दहिवलीत येऊन ठेपला. बरोबर कपड्यांची एक पिशवी आणि कुलपं लावलेल्या दोन लोखंडी पेट्या. त्या टेंपोतून उतरवायला चार गडी लागले, आणि सुंदरीच्या बापानं, बुधाजीनं, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, "सांबाळून रं. इंजिनेराची हत्यारं हायत."

त्या चार गड्यांत धाकलू होता. बुधाजीचा सगळ्यात धाकटा भाऊ, वय बावन्न, धंदा लग्नाकार्यात भोंगा लावण्याचा. पेटीचा कोपरा हातात आला मात्र, आणि त्याला हसू आवरेना. हत्यारांची पेटी उचलली की आत खडखडतं, माल एका अंगाला सरकतो. ही पेटी गच्च आणि गप्प होती, आणि आकाराच्या मानानं अंमळ जास्तच जड होती. असली पेटी धाकलूनं तीस वर्षं खांद्यावर वाहिली होती. आत तबकड्या होत्या, उभ्या, एकीला एक खेटून लावलेल्या. इंजिनेर कसला डोंबलाचा!  त्यानं पेटी ओटीवर ठेवली आणि तो कुडाच्या बाहेर जाऊन उभा राहिला, कारण त्या अंगणात रेंगाळायची त्याला सोय नव्हती.

हे असं का, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही पुन्हा ऐकावं. गोष्ट वाईट असली तरी सांगायला गमतीची आहे. बारा वर्षांपूर्वी याच अंगणातून बुधाजीच्या थोरल्या मुलीची, जनीची, पाठवणी झाली. भोंगा अर्थातच काकाचा. धाकलूनं खास मुंबईहून माहेरच्या आठवणींचं एक गाणं आणलं होतं. नवरी टेंपोत चढली, बायांनी डोळ्यांना पदर लावले आणि नेमकी 'परत ये गं' या ओळीवर सुई अडकली. परत ये गं, परत ये गं, परत ये गं! धाकलू तेव्हा विहिरीवर पाणी प्यायला गेला होता. तो धावत येईपर्यंत भोंग्यानं नवऱ्या मुलीला चाळीस वेळा परत बोलावलं होतं. वरमाईचा चेहरा काळाठिक्कर पडला. आणि दैवाची करणी बघा, पंधराव्या दिवशी जनी खरोखरच पळसदरीच्या सासरहून चालत माहेरी आली.

पुढं बुधाजी चार माणसं घेऊन गेला, बोलणी झाली, महिन्यानं जनी नांदायला गेली आणि आज तीन लेकरांची आई आहे. पण बुधाजीनं देवावर हात ठेवून सांगितलं ते सांगितलंच. या अंगणात पुन्हा धाकल्याचा भोंगा लागायचा नाही, आणि धाकल्यानंही इथं रेंगाळायचं नाही. ती सोयरीक बुधाजीनं स्वतः जुळवली होती. तिच्यावर बोट ठेवण्यापेक्षा तबकडीवर ठेवणं सोपं होतं, हे मोतीबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, कळत होतं. ती दर सणाला दिराकडं गुपचूप ताट धाडायची. बोलली मात्र कधी नाही.

आता सुंदरी ही घरातली शेवटची मुलगी. तिच्या लग्नात भोंगा लागला नाही तर मग कधीच नाही. तीस वर्षांत कर्जतपासून खालापूरपर्यंत धाकलूनं किती मांडव गाजवले त्याला गणती नाही, आणि घरच्या मांडवात मात्र खोपोलीचा परका कॅसेट डेक यायचा होता. महिनाभर त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. वहिनीकडून, जनीकडून, भावकीतल्या म्हाताऱ्यांकडून, सगळ्यांकडून त्यानं शब्द टाकून पाहिला. बुधाजी एकच वाक्य बोलायचा, एकदा तोंड पोळलंय, आता ताकसुद्धा फुंकून पिणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयवंता धाकलूच्या खोलीवर आला. चोवीस वर्षांचा उंच पोर, कानात बाळी, डोक्यावर केसांचं टोपलं. पण बोलायला लागला की ऐकणारा चक्रावायचा. बाप येसाजी, धाकलूचा मधला भाऊ, एकसष्ट साली बोटीवर चढला तेव्हाची गावची बोली त्यानं विलायतेत जशीच्या तशी सांभाळली होती आणि पोराला तीच पाजली होती. कर्जतच्या बाजारातली पोरंसुद्धा आता इतकं अडाणी बोलत नव्हती.

"काका," तो म्हणाला, "बाबा बोलला, बुधाजीकाकाला काय सांगू नुको. पर धाकलूकाकाला समदं सांग."

"सांगतोस काय? मी पेटी उचलली तवाच वळखलं," धाकलू म्हणाला. "तू भोंगेवाला हायस."

जयवंता इतका हसला की दारातली कोंबडी उडाली. मग त्यानं सगळं सांगितलं. येसाजी लेस्टरला मोज्यांच्या कारखान्यात लागला. तिथं आपल्याकडच्या लोकांची लग्नं शाळेच्या हॉलात होत, आणि पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा असल्यापासून तिथं तबकड्या लावायचा. दिवसा पावाच्या कारखान्यात राबायचा, शनिवारी मशीन घेऊन निघायचा. मग गोऱ्या पोरांनी बोलावलं. आता तो बंद पडलेल्या गिरण्यांमध्ये वाजवतो, हजार-हजार पोरं नाचतात. गाणारा कोणी नाही, नुसता ठेका. दोन मशीनवर दोन तबकड्या. एकीचा ठेका दुसरीच्या ठेक्यात असा मिसळायचा की नाचणाऱ्याचा पाय चुकू नये. आणि मधेच एखादा तुकडा आवडला, तर तोच पुन्हा, तोच पुन्हा, तोच पुन्हा.

"म्हंजे सुई अडकल्यावानी?" धाकलूनं विचारलं.

"तसंच. पर मुद्दाम."

 ज्या चुकीपायी आपण बारा वर्षं कुडाबाहेर उभे आहोत ती चूक हा पोरगा मुद्दाम करतो आणि लोक तिकीट काढून ऐकायला येतात! धाकलूला रागही आला आणि हसूही आलं. शेवटी हसू जिंकलं.

मग जयवंतानं पिशवीतून एक तबकडी काढली. ती त्यानं स्वयंपाकघरात बसून स्वतः बनवली होती. तिकडच्या रेडिओवरच्या यादीत ती अठ्ठाविसाव्या नंबरापर्यंत चढली होती. मधल्या गोल कागदावर इंग्रजी अक्षरं होती. धाकलूला इंग्रजी येत होतं ते ॲम्प्लिफायरच्या बटणांपुरतं. एकेक अक्षर लावत तो शेवटाला पोचला आणि पुन्हा पहिल्यापासून लावू लागला. कागदावर 'धाकलू' लिहिलं होतं.

"हे माजं धंद्याचं नाव," जयवंता जरा लाजत म्हणाला. "बाबा सांगायचा ना, पयला भोंगा तुमी दोघांनी मिळून घेतला, तो बॅटरी वहायचा, तू तबकडी लावायचास. रोज निजताना तेच सांगायचा. मला वाटायचं, धाकलू म्हंजे जगातला सगळ्यात मोठा मानूस."

धाकलूनं तबकडी धोतराच्या सोग्यानं पुसली. ती आधीच स्वच्छ होती. डोळे मात्र त्यानं पुसले नाहीत, पोरगा बघत होता म्हणून. मग जयवंतानं त्याला कापसात गुंडाळलेली एक बारीक सुई दिली, विलायती, हिऱ्याच्या टोकाची, आणि दोघं मशीन खोलून बसले.

हळदीच्या दुपारी घोळ झाला तो असा. खालापूरकडून नवऱ्या मुलाचा मामा भिवाजी उष्टी हळद घेऊन आला. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लागते, आणि ती आणणारा माणूस मानाचा. भिवाजी मिशीवाला, कमी बोलणारा, चहात साखर कमी म्हणून एकदा सोयरीक मोडलेला. बुधाजी त्याच्या शेजारी अंग चोरून बसला होता आणि विलायतेच्या इंजिनेराच्या गोष्टी सांगत होता. सुंदरी पाटावर बसली. सोनुबाई धवलारीण पुढ्यात येऊन बसली. आमच्याकडं हळदीला आणि लग्नाला भटाआधी धवलारीण लागते. ती धवले गाते आणि तिच्या ओळीबरहुकूम सगळं चालतं. इतक्यात लाइट गेली. खोपोलीचा डेक चिडीचूप झाला, आणि मांडवात नुसत्या माशा ऐकू येऊ लागल्या.

आता बंदी होती ती अंगणात भोंगा लावायची. शेजारच्या अंबाबाईची चिंच कुडाच्या पलीकडं होती. काका-पुतण्यांनी टेंपोची बॅटरी जोडली, कर्णा चिंचेवर चढवला आणि त्याचं तोंड मांडवाकडं केलं. यात जनीचा हात होता. शिडी तिनंच धरली.

जयवंताजवळ पाटीएवढं एक मशीन होतं, एक बटण दाबलं की ढोल, दुसरं दाबलं की झांज. सकाळी त्यानं सोनुबाईला ओटीवर गायला लावून तिचा आवाज भरून घेतला होता, आणि कॅसेटमधली वीतभर फीत कापून तिची टोकं चिकटवून टाकली होती, म्हणजे एकच ओळ गोल गोल फिरत राहील. त्याला सगळ्यांत आवडलेली ओळ होती, 'चढवा गं सयांनो, सुंदरीला हळद.' धाकलूनं बँडची तबकडी लावली, पोरानं खालून ठेका दिला, आणि वरून सोनुबाईचा खणखणीत आवाज चिंचेवरून मांडवात कोसळला.

तर विलायतेच्या पोराला ठाऊक नसलेली आणि धाकलूच्या डोक्यातून साफ गेलेली गोष्ट अशी, की धवल्याची ओळ रिकामी जाऊ द्यायची नसते. 'चढवा' म्हटलं की पाच सवाष्णींनी पायापासून कपाळापर्यंत एकेकदा हळद चढवायची. ओळ पुन्हा पडली तर हात पुन्हा. अपशकुन कोण पत्करील? पहिल्या पाच वेळा बाया खुशीत होत्या. दहाव्याला एकमेकींकडं बघायला लागल्या. विसाव्याला सुंदरीचे फक्त डोळे उरले. सोनुबाई समोर तोंडात पान धरून गप्प बसलेली आणि तिचाच आवाज वरून हुकूम सोडतोय. तिलाही थांबवायचं धाडस होईना, कारण स्वतःचा धवला मधेच तोडायचा कसा?

वाटीतली हळद सरली, परातीतली सरली. आचाऱ्याच्या डब्यातली आणली. त्या दिवशीच्या आमटीत रंग नव्हता तो यामुळं. नवरीवर जागा उरली नाही तेव्हा हात करवल्यांकडं वळले, मग आत्यांकडं, मग जो हाताला लागेल त्याच्याकडं. कुडाबाहेर काका-पुतण्यांना नुसता कल्ला ऐकू येत होता. लोकांना फार आवडलंय असं समजून जयवंतानं ठेका आणखी वाढवला.

अर्ध्या तासानं मोतीबाई कुडाचं बेडं, म्हणजे फाटक, सारून बाहेर आली. कोपरापर्यंत पिवळी, कपाळावर घाम.

"भावजी, आता पुरे करा," ती दमून म्हणाली. "हळद संपली, हात संपले. मामाला पण सोडलं नाय बायांनी."

धाकलूनं धसका घेऊन मशीन बंद केलं आणि तिच्या मागोमाग डोकावून पाहिलं. मांडवात पिवळ्याशिवाय दुसरा रंग नव्हता. मधोमध भिवाजी, मिशीसकट पिवळाधमक. बुधाजी त्याच्यापुढं हात जोडून उभा.  संपलं, दुसरी सोयरीकही आपल्याच भोंग्यानं मोडली, असं धाकलूला वाटलं.

"कोन वाजवत व्हतं?" भिवाजीनं विचारलं.

 बुधाजी म्हणाला की शेजारचं काहीतरी आहे, आमचा संबंध नाही. तोवर जयवंता कुडावरून उडी मारून आत आला.

"मी आनि काका," तो म्हणाला. "मी इंजिनेर नाय. मी काकासारकाच भोंगेवाला हाय, लेस्टरचा."

बुधाजी खाली बसला.  भिवाजीनं मिशीवरची हळद दोन बोटांनी निपटली, सोनुबाईकडं वळला आणि विचारलं की एवढी हळद चढली ती शास्त्राला धरून आहे का. सोनुबाईनं पानाची पिंक टाकली, म्हातारपणी पहिल्यांदाच आपला आवाज एवढा लांब गेला याचा तिला गर्व चढला होता, आणि तिनं निकाल दिला. आवाज माझा, ओळ माझी, त्यामुळं चढलेली हळद खरी. आणि एवढी हळद तालुक्यात कुठल्या नवरीला लागलेली नाही. उष्ट्या हळदीसाठी सुंदरीच्या कानामागं बोटभर जागा पुसून देण्यात आली.

भिवाजीनं मान डोलावली. "मग उद्या वरातीला पन ह्येच मशीन पायजे," तो म्हणाला. "आमच्या वेशीवर वाजलं पायजे."

मानाच्या पाहुण्याला नाही म्हणणं बुधाजीला शक्य नव्हतं. वरात तुमची, तुमच्या वेशीत काय ते करा, असं तो म्हणाला. पण भिवाजी हात धुवायला गेल्यावर तो धाकलूजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला की माझ्या अंगणातून पाठवणी मुक्यानंच होईल. एवढं तरी राहू दे.

धाकलूनं मान खाली घातली. पोराच्या तबकडीवर आपलं नाव आहे, तेवढं पुरे, असं तो मनाशी म्हणत राहिला. पण पुरे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या मुहूर्ताला अक्षता पडल्या, जेवणं उरकली, आणि उन्हं कलताना सुंदरी टेंपोत चढली. कितीही घासलं तरी ती पिवळीच होती. बाया एकेक करून पुढं होत आणि सांगत, आता तेच तुझं घर, तिथंच नांद, आमचं नाव राख. बुधाजीनंही डोक्यावर हात ठेवून तेच सांगितलं. भोंगा चिंचेवर मुका होता, आणि धाकलू कुडाबाहेर मशीनवर फडकं टाकून बसला होता.

तेव्हा जनी बापासमोर येऊन उभी राहिली. धाकलूला तिचा प्रत्येक शब्द ऐकू आला.

"आबा, माज्या पाठवनीला पन समद्यांनी ह्येच सांगितलं, आता तेच तुजं घर. शंभर मानसं बोलली. तुमी पन बोललात. सासूनं मला चार दिवस उपाशी ठेवली तवा मी राती पळसदरीच्या धरणावर उभी व्हती. परत जायला तोंड नाय, आनि म्होरं पानी. आनि मग मला काकाचा भोंगा आठावला. परत ये म्हननारा तेवडा एकच व्हता. म्हनून मी घराकडं चालाया लागली."

 मोतीबाईनं तोंडाला पदर लावला. तिलाही हे ठाऊक नव्हतं. बुधाजीनं थोरल्या लेकीकडं पाहिलं, टेंपोतल्या धाकटीकडं पाहिलं. बारा वर्षं तो ज्या सुईला शिव्या देत होता तिनं त्याची लेक जिवंत ठेवली होती. तो चालत कुडाच्या बेड्यापर्यंत आला.

"धाकल्या," तो म्हणाला, "ती तबकडी हाय का रं अजून?"

होती. बारा वर्षं पेटीच्या तळाशी होती, एकदाही न वाजवलेली. तबकडी जयवंतानं मशीनवर ठेवली. गाणं सुरू झालं. टेंपोवाल्यानं इंजिन बंद केलं. सगळे त्या ओळीची वाट पाहत होते. ओळ आली, 'परत ये गं', आणि पुढं निघून गेली. विलायती सुई ओरखड्यावरून सुरळीत घसरली होती.

धाकलूनं जयवंताकडं पाहिलं. पोरानं नुसतं बोट गोल फिरवून दाखवलं. मग धाकलूनं दोन बोटं तबकडीच्या कडेला टेकवली आणि ती हलकेच मागं ओढून सोडली. 'परत ये गं.' पुन्हा मागं ओढली. 'परत ये गं.' तिसऱ्या वेळेला त्याला हात बसला, आणि सुंदरी टेंपोत एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. भिवाजी मिशी धरून उभा होता. चाळीस वेळा झाल्यावर धाकलूनं बोटं उचलली.

"अजून एकदा," बुधाजी म्हणाला. "आनि भोंगा हकडं अंगणात आन, चिंचेवरनं नीट ऐकू येत नाय."